राँग रीजन, नांदेड

९ जानेवारी २०११, रविवार

हैदराबादहून परत आलो. सोबत तीन खोकी. कंबर गेली, पण इतिहास घडला. तिथलं एक इम्पोर्टेड डीव्हीडीचं दुकान बंद होऊन राहिलं होतं, सगळा माल मी उचलला. अस्सल अमेरिकन सिनेमे, जुने, अवॉर्डवाले. घराच्या पुढच्या खोलीत 'ग्लोबल डीव्हीडी लायब्ररी' काढणार. मराठवाड्यात पहिली. पाटबंधारे ऑफिसात फायली सरकवण्यासाठी माझा जन्म झालेला न्हाई, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. आता लोकांना कळेल.

पुढच्या वर्षी लातूरला शाखा.

विशाखानं खोकी बघून विचारलं, "अहो, ह्यातले तुम्ही बघितलेत किती?" संचालकाला हा प्रश्न विचारायचा नसतो. बायकोला कोण सांगणार.

१२ जानेवारी, बुधवार

बोर्ड आला. छान आहे. पेंटरनं 'ग्लोबल'मधला 'ल' जरा लहान काढलाय, लांबून 'गोबल' वाचतात लोक. जवळून बरोबर दिसतं.

नियम लिहून भिंतीला लावले. डिस्क कडेनंच धरावी. डिस्कवर काही ठेवून खाऊ नये. दुर्मिळ डिस्क घरी नेता येणार नाही, इथेच बसून बघावी.

पहिली मेंबर: आबेदा मॅडम. कोपऱ्यावर राहतात, मुलींच्या शाळेतून इंग्रजी शिकवून रिटायर झाल्या. खोक्यात हात घातला आणि एक डिस्क काढून तशाच उभ्या राहिल्या. एका कोळ्याच्या बायकोची गोष्ट, ब्लॅक अँड व्हाइट. म्हणाल्या, हा सिनेमा कॉलेजात असताना हैदराबादला धाकट्या बहिणीबरोबर चोरून बघायला गेले होते. शेवटाला ती बाई किनाऱ्यावर उभी असते, नाव निघायच्या बेतात असते, आणि तेवढ्यात मोठा भाऊ अंधारात टॉर्च मारत आला आणि दोघींना हाताला धरून घरी घेऊन गेला. "ती नावेत बसली का न्हाई, आजपर्यंत कळलं न्हाई हो भाऊ. आम्ही दोघी बहिणी अजून त्याच्यावर भांडतो."

मी म्हणालो, मॅडम, रविवारी कळेल. शब्द दिला.

१६ जानेवारी, रविवार

मॅडम वेळेवर आल्या. चांगली शाल पांघरून आल्या होत्या. मी नवा ब्रँडेड प्लेअर चालू केला, डिस्क कडेनं धरून आत घातली. स्क्रीन काळी. मग पांढऱ्या अक्षरांत: राँग रीजन.

परत घातली. पुसून घातली. राँग रीजन.

दुसऱ्या खोक्यातली, तिसऱ्या खोक्यातली. सगळीकडे तेच.

प्रदेश चुकीचा! मराठवाड्याच्या माणसाला हे सांगायला अमेरिकेहून डिस्क यायची गरज नव्हती. ते आम्हाला पुण्याची माणसं फुकट सांगतात.

मॅडम म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. इतकी वर्षं थांबले, अजून थोडं." जाताना मागे वळून प्लेअरकडे बघितलं त्यांनी. मला ते आवडलं न्हाई. प्लेअरकडे बघण्यात काही अर्थ न्हाई, माझ्याकडे बघावं.

१७ जानेवारी, सोमवार

ऑफिसातल्या इंटरनेटवर अभ्यास केला. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे सहा तुकडे पाडलेत. अमेरिका पहिल्यात. युरोप दुसऱ्यात. आपण पाचव्यात, आफ्रिका आणि रशियासोबत. एका भागातली डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर चालत न्हाई. म्हणजे इथेही अनुशेष आहेच.

निवेदन द्यायचं ठरवलं. कुणाला, ते ठरलं न्हाई.

२० जानेवारी, गुरुवार

निजामोद्दीनभाईंना बोलावलं. देगलूर नाक्याकडे त्यांचं टीव्ही रिपेरिंगचं दुकान आहे, माझ्यावर त्यांचा विश्वास आहे आणि माझा त्यांच्यावर. म्हणाले, "आनंदराजभाऊ, टेन्शन घिऊ नका. रिमोटवर एक नंबर दाबला की सगळे रीजन खुले. मी लई केलेत."

नंबर दाबला. प्लेअरची भाषा रशियन झाली. निजामभाई म्हणाले, हे चांगलं लक्षण हाय, मशीन ऐकून राहिलं. आणखी नंबर दाबले. आता ट्रे बाहेर येतो, आत जात न्हाई. मग त्यांनी झाकण खोललं. परत लावल्यावर एक स्क्रू उरला. म्हणाले, कंपनी एक जास्तीचा देतेच.

रशिया आपल्याच रीजनमध्ये आहे, त्यामुळे भाषा शिकून घ्यायला हरकत न्हाई. सोमवारपासून.

२३ जानेवारी, रविवार

मॅडम आल्या होत्या. मी आतल्या खोलीत होतो. विशाखाला खुणेनं सांगितलं, बाहेर गेलेत म्हण. ती मोठ्यानं म्हणाली, "ते बाहेर गेलेत असं सांगायला सांगितलंय त्यांनी."

शाळेत शिकवणाऱ्या बायकांना खोटं बोलण्याचं ट्रेनिंग नसतं. ती रोज नायगावला एसटीनं जाते-येते, थकते, मी समजून घेतो.

मॅडम म्हणाल्या म्हणे, डिस्क मला घरी द्या, भाच्याकडे लावून बघते. अजिबात न्हाई. दुर्मिळ डिस्क. नियम सगळ्यांना सारखा. कपाटात ठेवून किल्ली विशाखाकडे दिली, म्हणजे मलाही मोह व्हायला नको.

२६ जानेवारी, बुधवार

प्रजासत्ताक दिन. झेंडावंदनाहून येताना सुचलं: कॉम्प्युटर! घरी कॉम्प्युटर आहे आणि मी प्लेअरच्या मागे लागून राहिलो होतो. प्रतिभा ही अशीच येते.

कॉम्प्युटरमध्ये रीजन बदलता येतो. यादीतून देश निवडायचा, ओके दाबायचं. मी अमेरिका निवडली. आणि चित्र आलं! समुद्र, नाव, पक्षी. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. विशाखा पोळपाट घेऊन बाहेर आली, बघत उभी राहिली, म्हणाली, "छान आहे हो." असं ती माझ्या कामाबद्दल फार कमी वेळा म्हणते. समुद्राबद्दल म्हणाली असेल, पण समुद्र मी आणला होता.

लगेच मॅडमना बोलवायला हवं होतं. पण आधी निजामभाईंना दाखवणं गरजेचं वाटलं. त्यांना फरक कळावा म्हणून परत भारत केला, राँग रीजन दाखवलं. मग परत अमेरिका. ते म्हणाले, "कमाल हाय!" तेवढ्यात लाइट गेली.

२९ जानेवारी, शनिवार

विशाखाच्या शाळेची ट्रेनिंगची सीडी बघायची होती. भारतीय सीडी, म्हणून मी शिस्तीनं भारत निवडला. ती म्हणाली, सीडीला हे लागत नसेल. मी म्हणालो, तू शिकवायचं काम कर.

कॉम्प्युटरनं इंग्रजीत काहीतरी लांबलचक लिहिलं होतं. मी ओके केलं. असल्या सूचना वकील लोक लिहितात, कुणी वाचत न्हाई.

उद्या मॅडमचा दिवस. चिवडा आणून ठेवलाय.

३० जानेवारी, रविवार

लिहावं वाटत न्हाई. तरी लिहितो, कारण नोंद राहिली पाहिजे.

मॅडम आल्या. बहिणीला हैदराबादला फोन करून आल्या होत्या, की आज कळणार. खुर्चीवर बसल्या, पदर नीट केला. मी थोडक्यात रीजन पद्धती समजावून सांगितली. मॅडमनी दोनदा जांभई दिली, पण ती वयानुसार येते. मग मी यादी उघडली. अमेरिकेच्या वरच इंग्लंड आहे. दोन्ही 'युनायटेड'नं सुरू होतात. मॅडमकडे बघून बोलत बोलत मी क्लिक केलं. ओके केलं.

राँग रीजन.

चुकून इंग्लंड झालं होतं. काही हरकत न्हाई, परत बदलू. बदलेना. मग ती लांबलचक सूचना वाचली, मॅडमनीच वाचून अर्थ सांगितला: रीजन पाच वेळाच बदलता येतो. पाचही संपले. आमचा कॉम्प्युटर आता कायमचा युरोपात गेला. तीन खोक्यांत युरोपची डिस्क एकही न्हाई.

दोष माऊसचा आहे.

मॅडमनी चिवडा खाल्ला, छान आहे म्हणाल्या आणि घरी गेल्या. दारातून बघितलं तर पर्समधून फोन काढत होत्या, मग परत ठेवून दिला. त्यापेक्षा चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

विशाखा रात्रीच्या भाकरी थापताना म्हणाली, "सत्तरीच्या बाईला किती वेळा चकरा मारायला लावता?" मी म्हणालो, मोठ्या कामाला वेळ लागतो. ती म्हणाली, "तिच्याकडे आहे का वेळ?"



४ फेब्रुवारी, शुक्रवार

निर्णय. लातूरला गंजगोलाईजवळ नागप्पा म्हणून एक दुकानदार आहे, त्याच्याकडे कुठलाही रीजन चालणारा प्लेअर मिळतो असं कळलं. रविवारी जाणार. खास सीएल टाकायची गरज न्हाई, त्यामुळे शासनाचाही फायदा.

मॅडमना निरोप: संध्याकाळी तयार राहा.

६ फेब्रुवारी, रविवार, दुपार, लातूर बसस्टँड

लोहा, अहमदपूर करत पोचलो. नागप्पा निलंग्याकडचा, माणूस शांत. मी रीजन पद्धती समजावून सांगितली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "साहेब, डिस्क आणली का? लावून बघू, चालली तर घ्या."

डिस्क कपाटात. किल्ली विशाखाकडे. विशाखा नांदेडात.

म्हणालो, तत्त्वतः सांगा, चालेल का? तो म्हणाला, "तत्त्वतः मी काय सांगू? डिस्क घिऊन या." मी म्हणालो, ठीक आहे, विचार करतो.

प्रवास वाया गेला न्हाई. बाजारपेठ पाहून झाली. शाखेसाठी जागा हेरून ठेवली.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ

घराला कुलूप. शेजारच्या पारूबाईंच्या घरातून आवाज. पारूबाई म्हणजे नगरपालिकेतून रिटायर झालेल्या, दिवसभर भीमगीतांच्या सीडी लावतात, त्यांचा प्लेअर बाजारातला बिननावाचा चायना माल. आत गेलो. विशाखा, पारूबाई आणि आबेदा मॅडम सतरंजीवर बसल्या होत्या. मॅडमचे डोळे लाल. टीव्हीवर समुद्र.

मॅडम ठरल्याप्रमाणे आल्या, मी न्हाई, तर विशाखानं कपाट उघडून डिस्क काढली. पारूबाई म्हणाल्या, "माझ्या डब्यात घालून तर बघा, त्याला सगळं चालतंय." चाललं. त्या मशीनला रीजन म्हणजे काय हेच माहीत न्हाई.

ती बाई नावेत बसत न्हाई. पैंजणासारखं काहीतरी पायातून काढून नावेत बसलेल्या नवऱ्याकडे फेकते आणि मागे न बघता गावात परत जाते. मॅडमनी तिथूनच बहिणीला फोन लावला. "अगं, न्हाई बसत ती! मी सांगत होते का न्हाई!" पलीकडची बहीण इतकी जोरात बोलत होती, आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मग दोघी एकाच वेळी बोलू लागल्या. पारूबाई विशाखाला हळूच म्हणाल्या, "लई बरं झालं माय, हात धरून नेणाऱ्यालाच सोडून गेली."

मी उभाच होतो. मी म्हणालो, मी लातूरला गेलो होतो. मॅडम म्हणाल्या, "हो भाऊ, कळलं. दमला असाल, बसा."

नियमभंग झाला आहे. कुणाला बोललो न्हाई.

१३ फेब्रुवारी, रविवार

तिन्ही खोकी पारूबाईंकडे गेली. विशाखा आणि मॅडम दोन बाजूंनी धरून नेत होत्या, मी रस्ता दाखवला. बोर्डसुद्धा तिकडे लावा म्हणालो, पारूबाई म्हणाल्या, भिंतीला खिळा मारायचा न्हाई.

गल्लीतल्या बाया जमल्या. मॅडम मधे मधे मराठीत सांगतात काय चाललंय ते. मीही रीजन पद्धती समजावून सांगितली. नायिका रडत होती, तेव्हा मी थोडं थांबवून कॅमेऱ्याबद्दल सांगितलं. पारूबाई म्हणाल्या, "आनंदराज, जरा बाहीर बस बाबा. हवा बी हाय."

२० फेब्रुवारी, रविवार

लायब्ररी फुल्ल. निजामभाईंना आत जागा मिळाली. त्यांना इंग्रजी येत न्हाई, पण ते गप्प बसतात म्हणे.

मी ओट्यावर बसून हे लिहून राहिलो. संचालकानं बाहेरच असायला पाहिजे. येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर राहते. चपलांवरही. विशाखानं आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि क्षणभर थांबली. मला वाटलं, बसेल. आतून कुणीतरी हाक मारली, गेली.

आत्ता सगळे एकदम हसले. विशाखा सगळ्यात मोठ्यानं.

मीही हसलो. कशाला ते उद्या विचारीन.