पोर्तुगालचं नाव

सिकिहोर बेट, फिलिपिन्स

प्रिय आई,

मी बरी आहे. भात-मासे पोटभर खाते, उन्हात टोपी घालते. बाबांचा गुडघा कसाय?

मागे लिहिलं होतं ना, तीन बेटं माझ्यासोबत हिंडलेला पोर्तुगाल? पाठीवर पिशवी टाकून फिरणारे आम्ही एकमेकांना देशाच्या नावानेच हाका मारतो. त्याला डेंग्यू झालाय. बाकीचे काल बोटीने पुढच्या बेटावर गेले आणि चुकून त्याची पिशवीही घेऊन गेले. पासपोर्ट, फोन, सगळं त्यातच. त्यांचेही फोन लागत नाहीत.

दवाखान्यातल्या लिगाया नर्स म्हणाल्या, "त्याच्या घरी कळव पोरी, आता उशीर नको. नाव काय त्याचं?"

"पोर्तुगाल."

"अगं बाई! एका ताटात जेवलात, आणि नाव विचारलं नाहीस?"

नाही विचारलं गं. पुढचं बेट कुठलं, एवढंच विचारायचो.

तापात तो आईला हाका मारतो. दुसरं कोण आहे इथे? मीच ओ देते.

आई, इथे मलाही सगळे आयर्लंडच म्हणतात. आज नर्सबाईंचं पेन मागून घेतलं आणि दंडावर माझं नाव लिहिलं. खाली तुझा नंबर. घामाने पुसलं जातं, मी परत लिहिते.

तुझी,
ओर्ला डेव्हेन