प्रतिसाद क्रमांक एक्केचाळीस

७ सप्टेंबर २०२५, रविवार
पोर्तुगाल संपलं! आमचं इथलं, बहरीनच्या सीफ भागातलं ऑफिस जाडजूड रिपोर्ट करतंय — युरोपातल्या देशांनी आपली टेलिफोन नियामक मंडळं कशी सुधारली. अध्यक्ष कोण नेमतं, कोण काढतं, ग्राहकाचं कोण ऐकतं. मी रत्नागिरीचा. युरोप पाहिलेला नाही, रकाने भरतो.
लीवचं विचारलं. दत्तप्रसाद साहेब म्हणाले, "इलियास, युरोप संपल्याशिवाय लीव मफी!" इथल्या अरबीत मफी म्हणजे नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
नमाजनंतर अम्मीला फोन. गावचं टेलिफोन एक्स्चेंज तीस नोव्हेंबरला बंद होणार, म्हणजे अम्मीची लँडलाइनही. शेजारच्या खदिजाने गेल्या महिन्यातच नोटीस वाचून दाखवली. अम्मीला आता दिसत नाही. लँडलाइनची बटणं बोटांना पाठ आहेत. गेल्या वर्षी न्हाणीत पडली, तेव्हा चाचपडत फोनपाशी गेली आणि खदिजाला बोलावलं. घरात एकटी असते.
"मना नको तो मोबाईल. बोटाला कायच लागत नाय."
खदिजा दोनदा शिकवायला बसली. तिसऱ्यांदा भांडण. दोघींचंही बरोबर आहे.
रत्नागिरीच्या टेलिफोन ऑफिसला मी तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. मला भीती वाटते.

१६ सप्टेंबर
आजचा देश छोटासा. तिथेही जुन्या तारा काढतायत. पण आधी नियामकाने लोकांची मतं मागवलीत. कोणीही लिहावं, प्रत्येकाला कारणांसह लेखी उत्तर मिळेल! 'कोणीही' दोनदा वाचलं. नागरिकत्वाचा रकाना नाही.
जेवणाच्या सुट्टीत लिहिलं — दिसत नसलेल्या ग्राहकाच्या घरी लाइन तोडण्याआधी माणूस पाठवा. त्याने शेजारी बसावं. बाई स्वतः एक फोन लावेपर्यंत उठू नये. चिडली तरी उठू नये.
पाठवून दिलं. डबा तसाच राहिला.

२९ सप्टेंबर
कोणाचंच उत्तर नाही. त्या देशाचंही, रत्नागिरीचंही.

१९ ऑक्टोबर, रविवार
उत्तर आलं! शुक्रवारीच आलेलं, आज ऑफिसात उघडलं. तीन पानं. 'प्रतिसाद क्रमांक ४१ — श्री. इलियास, बहरीन.' सूचना मान्य. नियमात घातली. चिडण्याबद्दलचं वाक्य तेवढं वगळलं, त्याचंही कारण दिलंय.
साहेबांना ते कलम फार आवडलं. "बघ, याला म्हणतात सुधारणा! आपल्या रिपोर्टात घाल." घातलं. कोणी सुचवलं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
परतताना बसमध्ये रडू आलं. कुठल्याशा म्हातारीच्या शेजारी आता माणूस बसणार. माझ्या अम्मीच्या शेजारी कोण?

२० ऑक्टोबर
पंधरा दिवसांची लीव मागितली. "अरे, फ्रान्स बाकी आहे!"

२१ ऑक्टोबर
राजीनामा दिला. नोटीस तीस दिवसांची, म्हणजे तीस नोव्हेंबरच्या आत गावी पोचतो. साहेबांनी कारण विचारलं. अम्मीला फोन शिकवायचाय, म्हटलं.