न मरणाऱ्या आबांची कैफियत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
'रानझुंज' ऑनलाइन खेळ, बंगळुरू.

अर्जदार : किसनराव नत्थूजी बेलसरे, रा. शेंदूरजनाघाट (खेळातील नाव : आबा_संत्रावाले)

विषय : न मरण्याचा हॅक वापरल्यावरून बंद झालेले खाते नातीच्या भेटीपुरते चालू करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या यंत्राची कायम बंदीची नोटीस, तसेच अर्जदाराच्या तिन्ही विनंत्यांना आपोआप आलेले एकच उत्तर.

महोदय,

१. अर्जदार हे संत्र्याचे बागाईतदार असून वय एकाहत्तर. त्यांनी आजवर कोणाच्या बांधाला हात लावलेला नाही. हॅक मात्र वापरला. ही बाब अर्जात येऊ नये असा त्यांचा आग्रह होता. परंतु आपल्याकडे पुरावा आहे आणि अर्ज लिहिणारास उद्याही अमरावतीच्या याच कचेरीसमोर अर्ज लिहायला टेबल मांडायचे आहे. सबब खरे ते लिहिले आहे.

२. कारण असे की, गेल्या धोंड्याच्या महिन्यात अर्जदाराचे अकोल्याचे जावई श्री. पियुष हे सहकुटुंब जेवावयास आले. पुरणाचे धोंडे झाले होते. श्री. पियुष यांचा हात चालता पाहून अर्जदार कौतुकाने म्हणाले, "जावाईबापू, दमानं खा, धोंडे काई पयून नाई चालले." आमच्या वऱ्हाडात प्रेम याच भाषेत करतात. परंतु श्री. पियुष यांचे शिक्षण पुण्याला झाले असल्याने ते भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून येणेजाणे बंद आणि फोन उचलणेही बंद. नात कु. खुशी, इयत्ता सातवी, हिच्याशी अर्जदाराची गाठ पडते ती फक्त आपल्या खेळात, कारण तिथे काय चालते ते श्री. पियुष यांना कळत नाही. शाळा सुटली की आजोबा आणि नात एका गटात उतरतात व कानाला यंत्र लावून बोलतात.

३. अडचण एवढीच की अर्जदार फार लवकर मरत. मेलेल्यास बोलता येत नाही, हा नियम आपलाच आहे. खुशीने मराठीच्या बाई वर्गात काय म्हणाल्या ते सांगायला घ्यावे आणि अर्ध्यातच आबांना गोळी लागावी, असे रोज होई. बाई शेवटी काय म्हणाल्या हे अर्जदारास आजतागायत समजलेले नाही.

४. म्हणून त्यांनी एका व्हिडिओवर विसंबून 'गोळी लागणार नाही, पकडले जाणार नाही' अशी हमी असलेली फाइल फोनमध्ये घेतली. तिने फोटो, मेसेज, सगळे नंबर पाहण्याची परवानगी मागितली. अर्जदाराने पाहुण्यास घर दाखवावे तसे सगळे दाखवले. पुढचा एक दिवस फार सुखाचा गेला. आबा एका झाडाखाली उभे राहून नातीशी बोलत होते. चौघांनी चारी बाजूंनी गोळ्या झाडल्या, आबा बोलतच राहिले. एकाने बॉम्ब टाकला, तेव्हा त्याला म्हणाले, "थांब ना बे, पोरगी बोलून रायली." आपल्या यंत्राचे म्हणणे असे की एवढे सोसून कोणी उभे राहू शकत नाही. यंत्राने अर्जदाराच्या पत्नी सौ. सुभद्राबाई यांना विचारले असते, तर त्यांनी स्वतःचाच दाखला दिला असता. असो. त्याच सायंकाळी खाते बंद झाले. आपण फोनही ओळखून ठेवल्यामुळे नवे खाते उघडताच तेही बंद होते.

५. फाइल तेवढ्यावर थांबली नाही. तिने अर्जदाराच्या नावे सर्व ओळखीच्यांना मेसेज पाठवला : "तुमची फार आठवण येते. खाली दाबा." भजनी मंडळाने दाबले. आत्या गोदाबाई यांना वाटले, भाच्याचे काही खरे नाही. त्या रडत घरी आल्या. श्री. पियुष यांनीही दाबले आणि त्यांच्या फोनवरून तोच मेसेज त्यांच्या साहेबांस गेला. "सासऱ्यानं आधी माझे धोंडे मोजले, आता नोकरीवर उठला," असे ते म्हणतात. समेटाची जी काही आशा होती ती अशी मावळली. फाइल चोराची होती, हे खरे. पण आठवण येते हे काही खोटे नव्हते, हे सांगायला अर्जदार कोणत्या तोंडाने जाणार?

६. तरी बंदी उठवावी. पोलीस पाटलांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला सोबत जोडला आहे. बंदी उठत नसेल तर अर्जदाराची बंदूक काढून घ्यावी आणि त्यांना नुसते झाडाखाली उभे राहू द्यावे. त्यांनी आजवर आपल्या खेळात एकासही मारलेले नाही. नेम कधी लागलाच नाही.

७. आणि यातले काहीच नियमात बसत नसेल, तर निदान एक नोंद दुरुस्त व्हावी. लेक सौ. दामिनी हिने शेजारणीच्या फोनवरून कळवले की, खुशीच्या पडद्यावर आबांच्या नावापुढे 'या खेळाडूने गट सोडला' असे दिसते. पोरगी रोज ते उघडून पाहते आणि कोणाशी बोलत नाही. महोदय, ही नोंद चुकीची आहे. अर्जदाराने गट सोडलेला नाही, त्यांना काढण्यात आले आहे. तिथे 'लबाडी केल्यामुळे हाकलले' असे ठळक लिहावे, सोबत फोटो लावला तरी हरकत नाही. अर्ज वाचून दाखवताना अर्जदाराने इथे कागदावर हात ठेवून थांबवले. मग जे बोलले ते शब्द न बदलता देत आहे : "लबाड म्हना मले, साऱ्या दुनियेत म्हना. पन आबा सोडून गेला असं माह्या पोरीले सांगू नका."

या अर्जास उत्तर द्यायचे झाल्यास ते कृपया माणसाने द्यावे.

आपले विनीत,
(सही) किसनराव नत्थूजी बेलसरे

अर्ज लिहिणार : अब्दुल गफ्फार, अर्जनवीस, अमरावती
दिनांक : ७ ऑगस्ट २०२६