तपकिरीच्या डबीतला दात

३ एप्रिल

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुमच्या भावाने आणखी एक जुनी इंग्रजी डबी आणली. तपकिरीची, चांदीची, काड्यापेटीएवढी. बिजागरी कुठे आहे ते दिसतच नाही आणि हेच तिचं मोठेपण, असं ते चार दिवस ऐकवत होते. परवा मी माझा समोरचा खोटा दात क्षणभर तिच्यात ठेवला. झाकण मिटलं ते मिटलं. हलवली की दात वाजतो.

वीस तारखेला शाळेत माझा निरोपसमारंभ आहे. बत्तीस वर्षं शिकवल्यावर एकदाच भाषण करायचं, आणि दाताशिवाय बोलले की शिट्टी वाजते. हे डबीला हात लावू देत नाहीत. तुम्हीच काय ते सांगा.

तोंड मिटून बसलेली,
तुमची भावजय

७ एप्रिल

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

डबी काप. तुझ्याकडे अशा एकोणचाळीस आहेत. बायको एक आहे. लहानपणी काचेच्या गोट्याही तू कुणाला खेळू दिल्या नाहीस, पण त्यात कुणाचा दात नव्हता.

तुझ्यावर लोभ आहेच, डबीवर नाही.
ताई

११ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

सोनाराकडे गेलो होतो. तो करवत घेऊन उठला, मी डबी घेऊन उठलो. दोनशे वर्षांनी नख फिरवलं तरी सांधा लागत नाही असं काम ज्याने केलं, त्याला मी काय तोंड दाखवू? नवा दात पंचवीसला मिळेल. समारंभ पुढे ढकला, असं शाळेला सुचवलं, ऐकत नाहीत. भाषण करताना डबी हातात धर, म्हणजे दात जवळच राहील, असंही हिला सांगून पाहिलं. त्यावर ती शिट्टीत जे बोलली ते इथे लिहीत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
भाऊ

२१ एप्रिल

ती. वन्संना सा. न. वि. वि.

काल सकाळी आरशासमोर भाषण म्हणून पाहिलं. चार वाक्यांत सहा शिट्ट्या. कागदाची घडी केली आणि समारंभाला जात नाही म्हटलं. हे डबी घेऊन उठले. सोनाराकडे गेले आणि करवत स्वतः चालवली. दात निघाला.

भाषण चांगलं झालं. हे पहिल्या रांगेत, मांडीवर रुमालात डबीचे दोन तुकडे घेऊन हुंदके देत होते. सभेला वाटलं, माझ्या निरोपाने. नवरा असावा तर असा, असं मुख्याध्यापक माइकवर म्हणाले.

मी कुणाला काही सांगितलं नाही. घरी येईपर्यंत मलाही ते पटलं होतं.

आहे तसाच जीव लावा.
तुमची भावजय