तिसऱ्या टपलीला

ओर्ल्याक निवारा, पिरिन डोंगर
९ फेब्रुवारी १९९८

ती. नेदाताईस, गुडघाभर बर्फातून वाकून सा. न.

सिर्नीच्या सणाला, रविवारी दाजी सोंगं घेतलेली कुकेरीमंडळी घेऊन इथे थंडी हाकलायला नाचणार म्हणे! बावीस माणसं, अंगावर बोकडाची कातडी, कमरेला मणभर घंटा. या ना. पण बसमधून उतरून समोरच्या उतारावरून उड्या मारत सरळ वर यायचं ठरवलंय, तेवढं नको.

मी रोज शेजारच्या लहान उतारावर बर्फात माझ्याएवढा खड्डा खणतो. भिंतीत थर दिसतात, तुझ्या बानित्साच्या पापुद्र्यांसारखे. खाली डिसेंबरचं बर्फ, साखरेसारखं सुटं. त्यावर वाऱ्याने दाबलेली जाड लादी. मग एक खांब कापायचा, वर फावडं ठेवायचं आणि टपल्या मारायच्या. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. तीस सोसल्या तर बर्फ पक्कं, निवाऱ्याचे मालक मिंचोकाका खूश. काल तिसऱ्याच टपलीला लादी सटकून माझ्या पायांवर! घंटांना बर्फ भीत नाही गं, बावीस जणांच्या उड्यांना भितं. दाजींना म्हणावं, रानातल्या वाटेने या. दोन तास जास्त लागतात, लागू देत.

तुझा लाडका (असं तूच म्हणतेस),
वेलिको

*

१७ फेब्रुवारी

चि. वेलिकोस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझं पत्र जेवताना वाचून दाखवलं. तुझे दाजी चमचा आपटून म्हणाले, सातवीतून पळालेलं पोरगं आता डोंगराची नाडी बघतंय होय! थंडीला हाकलायला निघालेले कुकेरी मागच्या वाटेने लपत येणार? गेल्या सिर्नीला तू भांडून गेलास, मोठ्यांच्या हाताला ओठ लावून माफी मागायची रीत मोडलीस, ते अजून मनात आहेच त्यांच्या.

मी वाद घातला नाही. परातीत साखर पसरली, वर पीठ थापून घट्ट केलं, परात तिरकी धरली आणि म्हटलं, मारा टपली. दोनदा काही झालं नाही, मिशीत हसले. तिसरीला सगळं पीठ त्यांच्या मांडीवरच्या नव्या कातड्यावर! अजून झटकताहेत. पण कुठल्या वाटेने जाणार ते काही बोलत नाहीत. मला झोप नाही. तू खाली रस्त्यावर उभा राहा बाबा.

तुझी ताई

*

२ मार्च

ती. नेदाताईस सा. न., आणि आधी हे वाच: सगळे सुखरूप.

काल सकाळी नऊला बस आली. दाजी माझ्याकडे न बघता उताराकडे बघत राहिले. मग कातड्यावरचा तुझ्या पिठाचा डाग बोटाने खरवडला, आणि वळले रानाच्या वाटेला. वाटभर मला शिव्या, चाल लांब म्हणून.

दुपारी ऊन चढलं आणि झाडांपलीकडे तो अख्खा उतार आपणहून निसटला. कुणी शिवलंसुद्धा नव्हतं. ओढ्यात घराएवढा ढीग. बावीसच्या बावीस जण कमरेच्या घंटा हातांनी घट्ट धरून उभे, एकही वाजू देईनात. हसू येत होतं, तेही मी दाबून धरलं.

निवाऱ्यावर पोचल्यावर रीतीप्रमाणे मी दाजींचा हात धरायला वाकलो. त्यांनी कान धरून मला उभं केलं. म्हणाले, यंदा मी मागतो, माफ कर. आणि ताई, ते सगळ्यांसमोर मान खाली घालून उभे! अशा वेळी मोठ्यांनी ‘माफ केलं’ म्हणायचं असतं, ते सोडून मी त्यांच्या डोक्यावर मनगटातून टपली मारली. मग आणखी एक. मिंचोकाका मोजत होते.

तिसरीची हिंमत झाली नाही.

लोभ असू दे ताई, तीसही टपल्या सोसेल असा.

तुझा
वेलिको