भुजा टिकेनात

४ मार्च
बबडी कामावर गेली की खोलीत मी आणि तिची दीर्घिका. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा केवढा तरी मेळा, गरगर फिरणारा. आमच्या नातीने तो कॉम्प्युटरात घडवलाय — काय पोरगी आहे! तिची पीएचडी ती हीच. मधे उजेडाचा गोळा, त्यातून निघालेल्या दोन वळणदार भुजा. मी चौथी शिकलेली, पण बघताना डोळा हलत नाही. स्वेटर विणायला घेते नि टाके सुटतात.

७ मार्च
तिला विचारलं, ह्या भुजा गुंडाळून कशा जात नाहीत? आतलं भरभर फिरतं, बाहेरचं रेंगाळतं — लोकर असती तर केव्हाच गुंता झाला असता. हसली बबडी, बऱ्याच दिवसांनी. "आजी, भुजेत नेहमी तेच तारे नसतात गं. ती गर्दी आहे. पुलावर गाड्या तुंबतात ना? पुढच्या सुटतात, मागच्या येऊन अडकतात, खोळंबा कायम." त्या गर्दीत वायू दाटतो, निळे नवे तारे जन्मतात, म्हणून भुजा उजळ. मला आमच्या नळावरच्या बायका आठवल्या. धाकट्या लेकीचं लग्न तिथेच जमलं — असो.

११ मार्च
आनंद कसला! हिच्या भुजा म्हणे टिकतच नाहीत. आधी सुरेख उमटतात, मग तारे सैरभैर होतात, उरते सपाट ताटली. गार वायू येत राहायला हवा, ते हिला जमत नाही. तिच्या पीएचडीच्या सरांनी सांगितलंय, "हा शेवटचा प्रयत्न. नाहीतर जागा दुसऱ्याला." पडद्यावर चाललाय तो तोच प्रयत्न. भुजा अजून आहेत, मी रोज बघते. पण पोरगी जेवत नाही. केसांना हात लावू देत नाही.

१५ मार्च
मेले मी. बाहेर पडताना घरातली सगळी बटणं बंद करायची माझी जुनी खोड. भाजीवाल्यासमोर आठवलं. गुडघ्यांनी नेलं तेवढी धावत आले. पडदा काळा. बटण दाबलं, परत दाबलं. नुसतीच बारीक अक्षरं. बबडी आली, बघितलं, म्हणाली, "असू दे आजी." ओरडली नाही. त्याचीच भीती वाटते.

१६ मार्च
माझ्या हाताने पोरीचं वाटोळं झालं.

१७ मार्च
उद्या तिच्या सरांकडे जाते. म्हणेन, चूक म्हातारीची, पोरीला अजून एक संधी द्या. बबडीला सांगायचं नाही.

१८ मार्च
भला माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं. माझं रडगाणं संपेपर्यंत थांबले. मग हळूच म्हणाले, "आजी, तिचं काम जानेवारीतच थांबवलं. ती इथे येत नाही."
संध्याकाळी बबडी रिकामा डबा घेऊन आली.
"कुठे जातेस गं रोज?"
"बागेत बसते."
"आणि ते पडद्यावरचं?"
"जुनं आहे, भुजा विरायच्या आधीचं. तू खुश व्हायचीस, म्हणून लावून जायचे."

१९ मार्च
म्हणजे माझ्या हातून काहीच मोडलं नव्हतं. मोडलं असतं तर बरं होतं.