बोगनवेल घराकडे येते

ती. वन्संना,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे साष्टांग जमणार नाही, शिर तेवढं पोचलं असं समजावं.) तुमची कंबर आता कशी आहे? शेक घेता की नुसतं घेते म्हणता? माझी तब्येत बरी आहे. झोप लागते, जेवण जातं, आणि दोन माणसांचा चहा टाकायची सवय सोडली तर काही बिघडलेलं नाही.

घर बंद करून तुमच्याकडे कायमची कधी येतेस, असं तुम्ही विचारलंत. भाचा टेम्पो घेऊन यायला तयार आहे हेही कळलं. ‘हो की नाही एवढंच लिही, पाल्हाळ नको’ असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून आधी पाल्हाळ उरकून घेते.

तुमच्या भावाच्या हाताला गुण होता हे तुम्हाला ठाऊक आहे. विजेचे मीटर वाचायला हे घरोघरच्या मागच्या दारी जायचे आणि येताना त्यांतल्या एका घरच्या बोगनवेलीची काडी खिशात घालून आणायचे. ती घरी लावतील तर शपथ. रस्त्याचा दुभाजक, पडकी भिंत, फुटपाथची भेग, जिथे गवतही नाक मुरडेल तिथे खुपसायची आणि पुढे चालू लागायचं. शहरभर काड्या करत फिरणारा नवरा मला मिळालाय, असं मी म्हणायची. त्यावर ते मला ‘सदाफुगली’ म्हणायचे. (सदाफुली म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?) ह्या सगळ्या काड्या मूळ एकाच झाडाच्या. रंग जुन्या विटेसारखा, आणि प्रत्येक झुबक्यातल्या तीन पाकळ्यांपैकी एक पांढरी. त्या पाकळ्या नसतात, पानंच असतात, हे मी रद्दीतल्या एका पुस्तकात वाचलं. (पुस्तकाची पहिली पानं गायब आहेत. त्यामुळे झाड जन्माला कसं येतं ते मला माहीत नाही, एकदम रोगांपासूनच सुरुवात.) सांगायचं इतकंच, की ह्यांची बोगनवेल मी डोळे मिटूनही ओळखेन. नाही, मिटून नाही, पण ओळखेन.

हे गेल्यावर तुमच्या लेकीनेच मला तिचा जुना फोन दिला. “मामी, भिंतीकडे बघत बसू नकोस, बाहेर पड, फोटो काढ,” म्हणाली. कशाचे काढणार? ह्यांच्या झाडांचे काढायला निघाले. पहिला काढला पेट्रोल पंपामागच्या झाडाचा. डिझेलच्या धुरात वाढलेलं, पण काय फुललं होतं! काही दिवसांनी पुन्हा गेले तर झाड नाही. तोडलं असतं तर बुंधा दिसता, उपटलं असतं तर खड्डा. तिथे सिमेंट होतं, सलग, सांधा नसलेलं. पंपावरच्या माणसाला विचारलं तर म्हणे, “काकू, इथे कधी झाड नव्हतं.” मी फोनमधला फोटो त्याच्या नाकासमोर धरला. त्याने तो बराच वेळ पाहिला, टोपी मागे सारली आणि म्हणाला, “मग हा पंप दुसरा असेल.” (स्वतः कामाला असलेल्या पंपाबद्दल!)

दुसरा फोटो शिंप्याच्या दुकानावरचा. तेही गेलं. ह्या शिंप्याने वेल तोडायची धमकी मला अनेकदा दिलेली, म्हणून भांडायच्या तयारीने गेले, तर तोच माझ्यावर उलटला. “मावशी, तुम्ही नेलंत का? आता पाटी लख्ख दिसते आणि गिऱ्हाईक म्हणतं दुकान सापडत नाही!” एवढ्यात ही गोष्ट आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींपर्यंत पोचली. ते पूर्वी जिन्यात मला बघून न बघितल्यासारखं करायचे. आता हसत वर आले. “वहिनी, पार्किंगमधल्या त्या घाणेरीचा एक फोटो काढा ना, अगदी सहज.” काढला. शेजारधर्म म्हणून चांगला जवळून काढला. ती घाणेरी अशी माजली की त्यांच्या स्कूटरचा आता फक्त आरसा दिसतो. तेव्हा कळलं, जायची ती ह्यांनीच लावलेली.

इथवर मला गंमत वाटत होती. पुढची गोष्ट तुम्ही दिवसाउजेडी वाचा, आणि शेजारी कुणी असेल तर बरं.

ह्यांची एक बोगनवेल गेली की दुसरी कुठेतरी फुललेली दिसे, आणि दर वेळी आधीच्यापेक्षा आपल्या घराच्या जवळ. शिंप्यानंतर शाळेची भिंत. त्या भिंतीखालून मी भाजीला वर्षानुवर्षं गेले आहे, तिथे चुन्याखेरीज काही नव्हतं. आता भरगच्च वेल, खोड मनगटाएवढं, जणू शाळेच्या आधीपासून उभी आहे. मी फोटो काढला, ती गेली. मग इस्त्रीवाल्याच्या टपरीवर. तिचाही काढला. एका दुपारी सगळे फोटो ओळीने बघत बसले होते तेव्हा माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक फोटोत सगळ्यांत लांब फांदी माझ्याकडे वळलेली आहे. वाऱ्याने असेल म्हणून मनाची समजूत घातली. पण पंपापाशी मी उत्तरेला उभी होते, शाळेपाशी दक्षिणेला, आणि इस्त्रीवाल्याकडे त्याच्या बाकावर चढून. वारा एवढा कुणाच्या मागे लागतो का?

त्यानंतर आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती फुललेली दिसली तेव्हा मात्र घाबरले. हाताने सवयीने फोटो काढला आणि भाजी न घेताच तडक घरी आले, दार लावलं, कडी घातली. मग डोक्यात आलं, अगं शहाणे, तू तर तिला रस्ता दाखवलास.

आता ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर आहे. तिसरा मजला, सांडपाण्याचा पाइप, माती चिमूटभर नाही. विटकरी झुबके, एक पाकळी पांढरी. खिडकी उघडली की एक फांदी ओट्यावर येऊन टेकते. पहिल्या दिवशी चिमटा हातात घेऊन मी नुसती बघत राहिले, आणि तोंडातून निघालं, “अहो, आलात? हातपाय धुवून घ्या.” तेवढ्यात पाइपातून खळखळून पाणी गेलं. (वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली ओतली असणार. वरचे लोक गावाला गेले आहेत, पण बादली ओतायला कुणीतरी आलंच असणार.) वेल म्हणजे बाईमाणूस, हे मला कळतं, तुम्ही व्याकरणावर अडू नका.

सेक्रेटरींना ती काढायची आहे, पाइप फुटेल म्हणतात. प्लंबर करवत घेऊन तयार आहे. पण तक्रारीला फोटो जोडल्याशिवाय पुढे काही हलत नाही, हा नियम त्यांनीच केलेला, आणि फोटो निघतो तो फक्त माझ्या खिडकीतून. रोज विचारायला येतात, “वहिनी, काढला का?” मी म्हणते, उजेड नीट नाही. तुमच्या लेकीलाही सांगा, मामीने फोटोचा छंद सोडला.

पाल्हाळ संपलं. कमरेला जपा, जड उचलू नका. पोरांना आशीर्वाद. येते.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. : वर ‘येते’ लिहिलं आहे ते वाचून भाच्याला टेम्पो सांगायला पाठवाल, म्हणून खुलासा करते. ते निघताना दारात म्हणतो ते ‘येते’ आहे. टेम्पो नको. त्यापेक्षा तुम्हीच या, चार दिवस राहा आणि खिडकीशी बसून मला सांगा, हा तुमचा भाऊ आहे की माझं डोकं फिरलंय. त्याला लहानपणापासून तुम्हीच ओळखता. डोकं फिरलं असेल तर तुमच्याबरोबर मुकाट्याने निघेन.

ता. क. २ : त्या दिवशी मीटर वाचायला जाताना हे दारातून ‘येतो’ म्हणून गेले, वन्सं. ‘जातो’ म्हणाले असते तर मी घराला कुलूप लावून केव्हाच आले असते.